डोंगुरी हलला नाही तो दिवस

वाकाबाच्या गणिताच्या पेटीत एकशे चौसष्ट वस्तू होत्या. रंगीत काड्या, बोटाच्या पेराएवढे ठोकळे, प्लास्टिकची फुलं, पुठ्ठ्याचं घड्याळ, बेरजेचे पत्ते. आमच्याकडे पहिलीत जाणाऱ्या पोराला अशी पेटी घ्यावीच लागते, आणि तिच्यातल्या प्रत्येक वस्तूवर पोराचं नाव चिकटवावं लागतं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, काडीवरसुद्धा. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी पट्टी, तिच्यावर 'कुदो वाकाबा', ती चिमट्याने उचलायची आणि काडीच्या टोकाला गुंडाळायची.

एप्रिलची सहा तारीख होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शाळेचा प्रवेशसमारंभ. हे काम खरं तर मार्चमध्येच उरकायचं, पण मला नववा लागून दोन आठवडे झाले होते, वाकलं की दम लागायचा, आणि 'उद्या करू, उद्या करू' म्हणता म्हणता शेवटचा दिवस उजाडला. अंगणात अजून गुडघाभर बर्फ होता. रजई लावलेल्या ऊबदार टेबलाखाली पाय घालून मी बसले होते आणि समोर वाकाबा नाव वाचून वाचून मला पट्ट्या देत होती.

"आई, सगळ्यांवर माझंच नाव आहे."

"मग काय शेजारच्या ओइकावाकाकांचं असणार?"

"पण वर्गात आम्ही चौघंच आहोत. काडी हरवली तर कुणाची ते कळेलच ना."

सहा वर्षांच्या पोरीला जे कळतं ते शाळेला कळत नाही, असं मी म्हणणार होते. स्वयंपाकघरातून सासूबाईंनीच ते बोलून टाकलं. माझ्या सासूबाई, तोयोको, चौसष्ट वर्षांच्या. त्या बर्फ फोडून वर येणाऱ्या बक्के या रानभाजीच्या कळ्या चिरत होत्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत परतायला. त्या कडवट वासानं घर भरलं होतं.

"चौघांच्या वर्गाला एवढा थाट! आमच्या वेळी एका बाकावर चौघं बसायचो, पाटीवर नाव नाही, काही नाही. हाताला लागतील त्या बिया मोजायचो. कुणी अडाणी राहिलं का?"

"आजी, तुला वजाबाकी येत नाही," वाकाबा म्हणाली.

"मला गरजच नाही वजाबाकीची. माझ्याकडे आहेच काय वजा करायला!"

मी हसले. हसताना पोट टेबलाच्या कडेवर दाबलं गेलं. असं दाबलं गेलं की आतून हमखास लाथ बसायची. जागा अडवलेली त्याला मुळीच खपायची नाही. मी लाथेची वाट पाहिली. ती आली नाही.

मी पुढची पट्टी उचलली. निळ्या काडीला लावली, मग हिरव्या काडीला. मग मुद्दाम पुढे सरकून पोट कडेवर जरा जोरात टेकवलं.

काहीच नाही.

पोटातल्या बाळाचं नाव वाकाबानंच ठेवलं होतं, डोंगुरी. ओकच्या झाडाचं ते टोपीवालं फळ. पहिल्या सोनोग्राफीच्या चित्रात तिला तसं दिसलं होतं. डोंगुरी मोठा चळवळ्या होता. सकाळी भाताचा वास आला की हलायचा, आंघोळीच्या गरम पाण्यात उतरलं की टाच फिरवायचा, रात्री दोनला तर हटकून उठवायचा. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की काल रात्री मी एकदाही उठले नव्हते. कित्येक आठवड्यांनी सलग झोप लागली होती. सकाळी उठून मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा होते, "आज कसं हलकं वाटतंय!"

भाताच्या वेळी हलला होता का? आठवेना. दात घासताना? आठवेना. काल संध्याकाळी टबमध्ये हलला होता, ते नक्की आठवत होतं. डाव्या बरगडीखाली टाच आली होती आणि मी ती बोटाने परत ढकलली होती. तेव्हा सहा वाजले होते. आता साडेदहा झाले होते.

पण मी पट्ट्या लावत राहिले.

का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी शरदात चौथ्या महिन्यातच माझ्या पोटातलं एक बाळ गेलं होतं. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. त्यामुळे या खेपेला मी पहिल्यापासून धास्तावलेली. जानेवारीत ऐन वादळात मला वाटलं, बाळ हलत नाहीये. माझा नवरा तोमोया रस्त्यावरचा बर्फ हटवण्याच्या कामावर आहे. त्याला कामावरून बोलावून घेतलं, नदीकाठच्या रस्त्यानं सव्वा तास गाडी चालवत शहरातल्या इस्पितळात गेलो, कारण आमच्या हानेसावा गावच्या दवाखान्यात ताप आणि मोडलेली हाडं सोडून काही पाहत नाहीत. पोटाला यंत्र लावलं आणि डोंगुरी त्यात घोड्यासारखा दौडत होता. फेब्रुवारीत पुन्हा तेच झालं. दुसऱ्या वेळी परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोटातलं पोर आहे बाई, भिंतीवरचं घड्याळ नव्हे दर तासाला टोला द्यायला." शेजारणी हसल्या. मीही हसले. आणि मनाशी ठरवलं, आता पुन्हा हसं करून घ्यायचं नाही.

शिवाय उद्या समारंभ. आता इस्पितळात गेले आणि त्यांनी खबरदारी म्हणून ठेवून घेतलं, तर वाकाबाचा हात धरून शाळेच्या दारातून कोण जाणार? त्या लाल-पांढऱ्या फितीच्या कमानीखालून आई बरोबर हवी म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती.

म्हणून मी उठले, फ्रीजमधला गारढोण संत्र्याचा रस ग्लासभर प्यायले आणि डाव्या कुशीवर आडवी झाले. गोड आणि गार पोटात गेलं की बाळं जागी होतात, असं गरोदरपणाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

"आई, झोपलीस? अजून पुष्कळ राहिल्यात."

"पाठ दुखतेय गं. पाच मिनिटं. तू ठोकळ्यांना लाव तोवर, सरळ लाव हं."

मी हात पोटावर ठेवला आणि वाट पाहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घराच्या पन्हाळीतून वितळलेलं पाणी थेंबथेंब पडत होतं. प्रत्येक थेंबाला वाटायचं, हा, आता. मग मी कूस बदलली, आणि जे जाणवलं ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. तो हलला, पण स्वतःहून नाही. अर्धवट भरलेली पाण्याची पिशवी उलटी केल्यावर आतलं पाणी जातं ना, तसा नुसता कलंडला. जिकडे उतार तिकडे. मी परत डावीकडे वळले, तो परत कलंडला.

वाकाबानं येऊन पोटाला कान लावला. तिला सवय होती. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग कुजबुजत म्हणाली, "झोपलाय. उठवू नकोस."

"हो," मी म्हणाले.

साडेअकरा झाले, मग पावणेबारा. मी मनात बोली करत होते: बारा वाजेपर्यंत बघू. बारा वाजता जेवणाच्या वासानं हलेल. नाही हलला तर साडेबारापर्यंत बघू. या बोलीला अंत नाही हे कळत होतं, पण बोलले तर ते खरं होईल आणि नाही बोलले तर अजून खरं झालेलं नाही, अशी काहीतरी विचित्र समजूत धरून मी तिथे पडून होते.

सासूबाई चमच्यावर गरम बक्केमिसो घेऊन आल्या. "चाखून बघ, फार कडू झालंय का. मला आता कडू-गोड कळत नाही, जीभ म्हातारी झाली." मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मी सकाळपासून लावलेल्या शेवटच्या वीस-पंचवीस पट्ट्या उलट्या लागल्या होत्या. मला पत्ताही नव्हता. त्यांनी एक ठोकळा उचलला, फिरवला, खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"केव्हापासून?"

मी काही न कळल्यासारखं केलं. "काय केव्हापासून?"

"कानाए. केव्हापासून हलला नाही तो?"

"काल संध्याकाळपासून," मी म्हणाले, आणि डोळे मिटून टोमण्याची वाट पाहिली.

टोमणा आला नाही. स्वयंपाकघरात गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, अगदी हळू: "ऊठ. एकदम उठू नकोस, कुशीवरून ऊठ."

सासूबाईंनी मला टोमणा मारला नाही, याची मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त भीती वाटली. तोवर कुठेतरी आशा होती की त्या हसतील, घड्याळ म्हणतील, आणि त्या म्हणतात म्हणजे काही नसेल.

मी इस्पितळात फोन केला. पलीकडच्या सिस्टरनं तीनच प्रश्न विचारले: किती आठवडे, रक्त जातंय का, शेवटचं कधी हलला. तिसऱ्याचं उत्तर ऐकल्याबरोबर ती म्हणाली, "आत्ता निघा. बॅग वगैरे शोधत बसू नका." गावातली एकच रुग्णवाहिका कुणा आजोबांना घेऊन शहराकडेच गेली होती, ती परतायला दीड तास होता. तोमोया वरच्या घाटात होता. हिवाळाभर बंद असलेला रस्ता त्याची टोळी मोकळा करत होती आणि तिथे फोनला रेंज नसते. त्याच्या ऑफिसात निरोप ठेवला, ते वायरलेसवर कळवतो म्हणाले.

"मी चालवते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही? आई, तुम्ही बोगद्याच्या पलीकडे कधी गाडी नेली नाहीत."

"शेतावरचा टेम्पो चाळीस वर्षं चालवतेय. तुझी ही डबडी त्यापेक्षा सोपीच असेल. स्टिअरिंग गोलच आहे ना?"

वाकाबाला ठेवणार कुणाकडे? ओइकावाकाका-काकू दोघंही बाहेर गेलेले. ती बूट घालून दारात उभीच होती, पाठीवर नवं कोरं फिकट जांभळं दप्तर. माझ्या आईवडिलांनी पाठवलेलं ते दप्तर तिच्या पाठीहून मोठं होतं. "ते ठेव," मी म्हणाले. तिनं मान हलवली, खालचा ओठ बाहेर काढला. वाद घालायला वेळ नव्हता. दप्तरासकट ती मागच्या सीटवर बसली.

आम्ही निघालो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

नदी फुगली होती. डोंगरावरचा बर्फ वितळत होता आणि गढूळ पाणी रस्त्याच्या बरोबरीने, आमच्याहून वेगाने धावत होतं. सासूबाई दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, छाती त्याला टेकवून चालवत होत्या. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला.

"वाजव, वाजव. तुझ्या आईच्या लग्नात वाजव." त्यांनी गाडी कडेला घेतली नाही, पण वेग वाढवला. साठ. मग सत्तर. मी त्यांना कधी चाळीसच्या वर पाहिलं नव्हतं.

मी सीट मागे करून डाव्या कुशीवर कललेली होते, हात पोटावर. बोटं रुतवून मी त्याला दाबत होते, हल, हल, एकदा हल. पूर्वी असं दाबलं की तो रागावून ढकलायचा. आता बोटाखाली काहीतरी टणक लागायचं, डोकं असेल किंवा ढुंगण, आणि ते तसंच पडून असायचं. मला वाटलं मी एका बंद घराचं दार वाजवतेय.

बोगद्यात शिरल्यावर सासूबाई बोलल्या. अंधारात चेहरा दिसत नाही म्हणून असेल.

"मी फेब्रुवारीत ते घड्याळाचं बोलले नसते, तर तू सकाळीच सांगितलं असतंस."

"नाही हो आई, तसं काही नाही."

"खोटं बोलू नकोस. गाडी चालवताना मला खोटं सहन होत नाही, लक्ष उडतं."

मी म्हणाले, "हो. सांगितलं असतं."

"हं," त्या म्हणाल्या. बोगदा संपला.

पुढे दरड कोसळून रस्त्याची एक बाजू खचली होती. तिथे तात्पुरता सिग्नल लावलेला, एकेरी वाहतूक. आम्ही पोचलो आणि नेमका तो लाल झाला. लाल आकडे उलटे पळू लागले: १५८, १५७, १५६. समोरून एकही गाडी येत नव्हती. वळणापलीकडचं दिसत नव्हतं, त्यामुळे पुढे घालायची सोय नव्हती.

"एकशे बावन्न, एकशे एकावन्न," वाकाबा मागून मोठ्यांदा वाचू लागली. तिला मोठे आकडे वाचता येतात याचा तिला भारी अभिमान होता. "एकशे पन्नास, एकशे एकोणपन्नास—"

"गप्प बस!" मी ओरडले. "एकदम गप्प!"

ती गप्प झाली. आकडे पळत राहिले. मग नव्वदच्या आसपास ती दप्तरामागून म्हणाली, "आई, डोंगुरी मेलाय का?"

मी पोटावरचा हात आणखी दाबला.

"माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या, मागे न वळता. "माहीत नाही म्हणून तर बघायला चाललोय. आणि तुझी आई तुझ्यावर रागावलेली नाही, ती घाबरलीय. मीही घाबरलेय. घाबरलं की माणूस ओरडतं. तुला ओरडायचंय का?"

"नको."

"मग रड हवं तर."

ती रडली नाही. तिनं मागून हात पुढे घालून माझ्या कोटाची बाही पकडली आणि इस्पितळ येईपर्यंत सोडली नाही.

पावणेदोनला आम्ही पोचलो. सासूबाईंनी गाडी थेट दारासमोर, जिथे लावू नये असं लिहिलंय तिथेच लावली. दारात दोन सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन उभ्या होत्या. मी चालू शकते म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही.

पोटाला गार जेल लावलं, पट्टा बांधला. सिस्टर यंत्राची चकती पोटावर फिरवू लागली. खरखर. डावीकडे, खाली, बेंबीजवळ. नुसती खरखर. जानेवारीत दोन सेकंदांत घोडा दौडायला लागला होता. मी सिस्टरच्या तोंडाकडे पाहत होते, आणि तिला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं चेहरा अगदी कोरा ठेवला होता. ती आणखी खाली गेली, चकती तिरपी केली.

टक, टक, टक, टक.

मी हंबरडा फोडला. पण सिस्टर हसली नाही. ती कागदावर उमटणाऱ्या रेघेकडे पाहत होती. मलाही ती रेघ दिसत होती. खालीवर, खालीवर, एकसारखी गुळगुळीत, तळ्यावरच्या लाटांसारखी. सुंदर दिसत होती. मला वाटलं, किती शांत आहे. सिस्टर बाहेर गेली आणि अर्ध्या मिनिटात डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर हागा तरुण होत्या, माझ्याहून लहानच असतील. त्यांनी कागद पाहिला, सोनोग्राफी केली, आणि माझ्या पलंगाशी खाली बसून, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलल्या. "कुदोबाई, बाळ जिवंत आहे. पण ते थकलंय. बहुतेक त्याच्या अंगातलं रक्त खूप कमी झालंय. आपण त्याला आत्ता बाहेर काढू."

"आत्ता म्हणजे?"

"अर्ध्या तासाच्या आत."

"पण उद्या माझ्या मुलीचा—" मी म्हणाले. आजही आठवून लाज वाटते की माझ्या तोंडून तेच निघालं.

"बाहेर आजींबरोबर आहे ती? मी बोलते त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाल्या आणि उठल्या.

शस्त्रक्रियेच्या खोलीत थंडी होती. पाठीत सुई दिली, कमरेखालचं सगळं नाहीसं झालं. छातीपुढे निळा पडदा. पलीकडे कोण काय करतंय ते दिसत नव्हतं, फक्त कुणीतरी पोत्यात हात घालून काही शोधावं तसे ओढ-ढकलीचे धक्के बसत होते. मग अचानक पोट हलकं झालं. कुणीतरी वेळ म्हणालं, चौदा वाजून एकतीस मिनिटं.

मी रडण्याची वाट पाहिली. वाकाबा तर अर्धी बाहेर असतानाच रडायला लागली होती.

पडद्यापलीकडे पावलं धावली. कोपऱ्यातल्या दिव्याखाली तीन-चार जणांची पाठ. कुणीतरी म्हणालं, "पांढरा आहे." तेवढंच.

"रडत का नाही?" मी विचारलं. माझ्या उशाशी भूल देणारे वयस्क डॉक्टर होते, त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "ते काम करताहेत," ते म्हणाले. "त्यांना करू दे." मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला वाटतं मी आठ-दहा वेळा विचारलं असेल आणि त्यांनी दर वेळी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, तेच सांगितलं.

मग एक आवाज आला. त्याला रडणं म्हणता येणार नाही. गंजलेली बिजागरी कुरकुरते तेवढाच. दोनदा आला, थांबला. थोड्या वेळानं पुन्हा आला. काचेची पेटी ढकलत माझ्या बाजूने नेताना त्यांनी क्षणभर थांबवली. त्याचे ओठसुद्धा पांढरे होते. खरोखर पांढरे, तोफूसारखे. डोळे मिटलेले. "मुलगा आहे," कुणीतरी म्हणालं, आणि ते त्याला घेऊन गेले.

तोमोया साडेपाचला आला. घाटातून थेट, कामाच्या नारिंगी कपड्यांतच. गॉगलची जागा सोडून सगळा चेहरा बर्फावरच्या उन्हानं भाजलेला. तो आधी बाळाला बघून आला होता. खुर्चीवर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्याचा पट्टा नुसता उघडत-मिटत राहिला.

"सांग ना रे," मी म्हणाले.

"रक्त देताहेत. एवढीशी नळी आहे गं, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मी काचेबाहेर उभा होतो. आधी अगदी..." त्यानं हेल्मेटचा पट्टा मिटला. "मग एक कान गुलाबी झाला. डावा. मी नर्सला म्हटलं, कान बघा. ती म्हणाली, हो, तिथूनच सुरू होतं कधीकधी."

"एकच कान?"

"मी निघालो तेव्हा दुसराही व्हायला लागला होता."

तेव्हा तो रडला. मी त्याला असं रडताना दोन वर्षांपूर्वीही पाहिलं नव्हतं. तेव्हा तो हिवाळाभर रात्रीचा अंगणात जाऊन बर्फ उपसत बसायचा.

सासूबाई वाकाबाला घेऊन परतीला निघाल्या, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होती. वाकाबाला माझ्या खोलीत येऊ दिलं नाही, लहान मुलांना मनाई होती. ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून ओरडली, "आई, मी उद्या जाणार नाही! तू येशील तेव्हा जाईन!" आणि सासूबाईंचा आवाज: "म्हणजे महिन्याभरानं? तोवर ते तिघं पुढे जातील आणि तू एकटीच माझ्यासारखी अडाणी राहशील." काहीतरी झटापट, दप्तराची खडखड.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या सगळं एका दमात बोलल्या, मला मधे प्रश्न विचारायला जागाच ठेवली नाही. वाकाबा गेली. कमानीखालून सासूबाईंचा हात धरून गेली. सासूबाईंनी कुणाच्या तरी लग्नातला काळा किमोनो नेसला होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, त्यामुळे शेजारची बाई शिंकत होती. मुख्याध्यापकांचं भाषण लांबलं, वाकाबानं सगळ्यांदेखत जांभई दिली. नंतर वर्गाच्या बाईंनी विचारलं, तुला काही सांगायचंय का, तर ती उभी राहून म्हणाली, "माझा भाऊ काल झाला, पण अजून तो नीट झालेला नाही."

"अख्ख्या सभागृहासमोर म्हणाली," सासूबाई म्हणाल्या. "बाई म्हणाल्या, मग आपण सगळे त्याची वाट बघू या. बस्स. पुढचा कार्यक्रम सुरू झाला." मग विचारलं, "तो कसा आहे?"

"नळी आहे अजून. पण श्वास स्वतःचा घेतोय."

"हं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर हागांनी समजावलं. बाळाचं रक्त नाळेवाटे उलटं माझ्या रक्तात झिरपत राहिलं होतं. दुखत नाही, बाहेर काही दिसत नाही; फक्त बाळ हळूहळू थकतं आणि हलायचं थांबतं. कारण सापडेलच असं नाही. मी विचारलं, सकाळी साडेदहालाच आले असते तर? त्या म्हणाल्या, "संध्याकाळी आला असतात तर, याचा विचार करा." ते दयाळूपणानं म्हटलेलं होतं, मला कळलं. पण साडेदहा ते बारा हे दीड तास माझ्या छातीत तसेच राहिले. अजून आहेत.

नवव्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. तेविसाव्या दिवशी घरी आणलं. नाव ठेवलं योशिआकी, पण वाकाबा डोंगुरीच म्हणते. घरी आणल्यावर भीती जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. तो झोपला की मी त्याच्या नाकाशी बोट धरायची. झोपून फार वेळ झाला की पायाला चिमटा काढून रडवायची आणि मग ओशाळून कुशीत घ्यायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं. मी म्हटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "आता मी धरते बोट. तू जाऊन जेव."

मेच्या मध्यावर एका दुपारी वाकाबा शाळेतून आली ती अख्खा वर्ग घेऊन. अख्खा वर्ग म्हणजे आणखी तिघं. एक नाक पुसणारा दाईची, दोन वेण्यांची कोहारू आणि मागे दारात अडकून उभा राहिलेला लाजरा सोसुके. चारही पाठींवर चार दप्तरं, गुडघ्यांना चिखल. तिघांच्या घरचे तीन तऱ्हेचे सर्दी-खोकले मला दिसू लागले. "आज नको," मी म्हणणारच होते.

"त्यांनी वाट पाहिलीय," वाकाबा म्हणाली. "बाईंनी सांगितलं होतं तेव्हापासून."

सासूबाईंनी चौघांना रांगेत मोरीपाशी नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले, दोनदा, आणि दाईचीला नाक शिंकरायला लावलं. मग ते गादीभोवती गुडघे टेकून बसले.

"हाच का तो, नीट झाला नव्हता तो?" दाईचीनं विचारलं.

"हो."

"आता झाला?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वाकाबासुद्धा.

"होतोय," मी म्हणाले.

दाईचीला ते पुरेसं वाटलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, याला धरता येईल का. मी त्याला भिंतीला टेकून बसवलं, मांडीवर उशी ठेवली, आणि माझा एक हात बाळाच्या डोक्याखाली तसाच ठेवून योशिआकीला त्याच्या हातात दिलं. कोहारू आणि सोसुके आपली पाळी कधी येते म्हणून सरकून जवळ आले. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, भाताचे गोळे किती करू, आणि चौघंही एकदम आपापला आकडा ओरडले.